जुना ट्रक नेमका कोणत्या वर्षाचा करायचा?

जुना अवजड ट्रक पुन्हा उभा करायला घेतला की गंज, न मिळणारे सुटे भाग आणि अपुरी जागा या अडचणी लगेच दिसू लागतात. माझ्या मते त्या सगळ्यांच्या आधी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो, तो म्हणजे हा ट्रक कोणत्या वर्षाच्या अवस्थेत परत न्यायचा. जुनी मोटारगाडी बहुधा कारखान्यातून निघाली तशीच म्हातारी होते, त्यामुळे तिच्या बाबतीत हा प्रश्न फारसा पडत नाही. ट्रकचे मात्र कामानुसार रूप बदलत जाते. मालकाला ट्रेलर ओढायचा असेल तोवर तो ट्रॅक्टर असतो, पुढे चॅसी (ट्रकचा पोलादी सांगाडा) लांबवून त्यावर खडी वाहणारा डंपर चढतो, आणि थकल्यावर मागे क्रेन बसवून तोच ट्रक बंद पडलेल्या इतर गाड्या ओढू लागतो.

माझ्याकडचा 1959 सालचा मॅक या अमेरिकन कंपनीचा बी-61 ट्रक याच वाटेने आलेला आहे. मॅकची बी मालिका 1953 पासून 1966 पर्यंत निघत होती, त्या काळात सव्वा लाखाहून अधिक ट्रक बांधले गेले आणि त्यांत बी-61 ला सर्वाधिक मागणी होती. त्यामुळे भाग अजून मिळतात, आणि माहिती तर भागांपेक्षाही सहज मिळते. पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउन येथे मॅकचे संग्रहालय आहे. चॅसीवर ठोकलेला क्रमांक तिथे कळवला की ट्रक कारखान्यातून कोणत्या इंजिनासह आणि कोणत्या गिअरबॉक्ससह बाहेर पडला, याची जुनी नोंद मिळू शकते. माझ्या ट्रकच्या नोंदीत 170 अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे थर्मोडाइन डिझेल इंजिन आणि ट्रिपलेक्स गिअरबॉक्स आहे. ट्रिपलेक्स म्हणजे पाच गिअरच्या मुख्य पेटीला तीन टप्प्यांची जोड, एकूण 15 गिअर आणि ते बदलायला केबिनमध्ये दोन दांडे. काही ठिकाणी दोन्ही दांडे एकाच वेळी हलवावे लागत, आणि जुने चालक त्यासाठी एक हात स्टिअरिंगच्या चाकातून आरपार घालत असत. (हे दिसायला झोकदार असले, तरी खड्ड्यात चाक फिरले तर मनगट जाईल, म्हणून कोणी शिकू नये.)

बॉनेट उघडले तर आत यातले काहीच नाही. तिथे मॅकचेच 237 अश्वशक्तीचे मॅक्सिडाइन इंजिन आहे आणि त्याच्यामागे साधा पाच गिअरचा बॉक्स. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या या इंजिनाची ताकद, ते हळू फिरो वा वेगाने, फेऱ्यांच्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात जवळजवळ सारखी राहते, म्हणूनच पाच गिअरमध्ये भागते. कोणा मालकाने चालकाचे हाल पाहून किंवा नुसत्या डिझेलच्या हिशेबाने हा बदल केला असावा. काटेकोर संग्राहकांच्या दृष्टीने हा डाग आहे. मला तो त्या ट्रकने मिळवलेला हक्क वाटतो.

असे बदल कागदांपेक्षा चॅसीवर अधिक स्पष्ट वाचता येतात. तेलकट चिखलाचा थर खरवडून काढल्यावर केबिनच्या मागे दोन्ही चॅनेलवर (चॅसीच्या दोन बाजूंच्या लांब पोलादी तुळयांवर) तिरकी वेल्डिंगची शिवण आणि आतून ठोकलेली जोडपट्टी दिसली, म्हणजे चॅसी तिथे कापून लांबवलेली होती. कारखान्यातील आडव्या पट्ट्या रिव्हेटने बसवलेल्या असतात; जिथे रिव्हेटऐवजी बोल्ट आहेत तिथे नंतर कोणाचा तरी हात फिरला, असे खुशाल समजावे. रिकाम्या भोकांच्या रांगेवरून ट्रेलर अडकवण्याची चकती कुठे बसत असे, हेही कळते. इथे एक धोका सांगितला पाहिजे. उष्णतेची प्रक्रिया केलेल्या पोलादी चॅनेलवर वेल्डिंग केले की त्या भागाची ताकद घटते, आणि चॅनेलच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीत भोक पाडले तर तडा नेमका तिथूनच सुरू होतो. जुन्या माणसांनी केलेले काम त्यामुळे बारकाईने तपासावेच लागते. एकात एक बसवलेल्या दुहेरी चॅनेलच्या मधे गंज भरला असेल तर तो फुगून पोलादालाही वाकवतो, आणि मग रिव्हेट काढून चॅनेल वेगळे करण्याला पर्याय उरत नाही.

दुसरा दस्तऐवज म्हणजे दरवाजा. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एकाच जागी गोल गोल फिरवला की रंगाचे थर कड्यांसारखे उघडत जातात. माझ्या दरवाजावर बाहेरून पिवळा, त्याखाली लांबीचा (पुट्टीचा) पातळ थर, मग लाल, आणि सर्वांत आत गडद हिरवा निघाला. लालाच्या थराशी पोहोचल्यावर हात आवरावा लागला, कारण तिथे हाताने रंगवलेल्या अक्षरांच्या कडा बोटाला लागत होत्या. प्रकाश तिरका पाडला तर त्यातली दोन-तीन अक्षरे वाचताही येतात. हे काम कोरडे करू नये. त्या काळच्या रंगात शिसे असते आणि ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस, त्यामुळे दोन्हींची धूळ उडू न देणे हाच शहाणपणा आहे.

मग निवड कशी करायची? ब्रिटिश स्कॅमेल पायोनिअरचे उदाहरण मला फार उपयोगी पडले. 1927 मध्ये आलेला हा सहा चाकांचा ट्रक दुसऱ्या महायुद्धात तोफा ओढण्यासाठी आणि अडकलेली वाहने बाहेर काढण्यासाठी सैन्याने वापरला. त्याचे गार्डनर 6एलडब्ल्यू इंजिन जेमतेम 102 अश्वशक्तीचे, पण अत्यंत चिवट. युद्धानंतर सैन्याने विकलेले असे अनेक ट्रक गॅरेजवाल्यांकडे आणि फिरत्या जत्रांच्या मालकांकडे गेले. तिथे त्यांच्या केबिनी बदलल्या, त्यांच्यावर रंगीत पट्टे आणि नक्षीदार अक्षरे आली. आज त्यांतले बरेच पुन्हा लष्करी हिरव्या रंगात दिसतात. तो रंग शोभतो, यात वाद नाही. पण ज्या ट्रकने सैन्यात पाच-सहा वर्षे आणि जत्रेबरोबर त्याच्या कितीतरी पट काळ काढला, त्याची जत्रेची केबिन मोडून नव्याने लष्करी केबिन घडवणे, ही मला दुरुस्ती वाटत नाही. अस्सल भाग फेकून त्याजागी नक्कल बसवण्याचा तो प्रकार आहे.

म्हणून माझा नियम सरळ आहे. ट्रकने ज्या रूपात सर्वांत जास्त काळ काम केले आणि ज्या रूपाचे भाग अजून अंगावर शिल्लक आहेत, त्या रूपात तो ठेवायचा. माझा बी-61 त्यामुळे क्रेनसह राहील, मॅक्सिडाइन इंजिनासह राहील, आणि चॅसीची ती शिवणही, तपासून व मजबूत करून, जागेवर राहील.

या नियमाला मी दोन अपवाद करतो. पहिला हवेच्या ब्रेकचा. अमेरिकेत 1975 मध्ये लागू झालेल्या नियमांच्या आधीच्या अनेक ट्रकांमध्ये हवा गेली की ब्रेकही जात, कारण हवा नसताना स्प्रिंगच्या जोरावर चाक धरून ठेवणारी रचनाच त्यांच्यात नव्हती; उभ्या गाडीला फक्त गिअरबॉक्समागच्या शाफ्टवरच्या हातब्रेकचा आधार असे. अशा ट्रकला मागच्या चाकांवर स्प्रिंग ब्रेक बसवण्यात मला काहीही गैर वाटत नाही. मात्र स्प्रिंग ब्रेकच्या डब्यातली स्प्रिंग प्रचंड दाबाखाली असते, तिला आवळून धरणारा बोल्ट लावल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. बाहेरून धड दिसणारे रबरी पडदे आणि हवेच्या नळ्यासुद्धा न पाहता बदलाव्यात.

दुसरा अपवाद अनेक तुकड्यांच्या रिमचा. या रिमवर टायर एका सुट्या कड्याने अडकलेला असतो. कडे नीट बसले नसेल किंवा त्याच्या खोबणीत गंज असेल, तर हवा भरताना ते तोफेच्या गोळ्यासारखे सुटते आणि समोरच्या माणसाला ठार करते. लोखंडी पिंजऱ्यात चाक ठेवून, लांब नळीने, बाजूला उभे राहूनच हवा भरावी. हातोड्याने कडे बसवण्याचा प्रयत्न हवा भरलेली असताना कधीही करू नये. गंजलेले कडे मी अस्सल म्हणून जपत नाही, सरळ भंगारात टाकतो.

इंजिनाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्यावर सगळेच लिहितात. वर्षानुवर्षे बंद असलेल्या डिझेलला आधी इंजेक्टर काढून, सिलिंडरमध्ये तेल सोडून, हाताने सावकाश फिरवावे. ऑइलमध्ये पाणी उतरलेले दिसले तर सिलिंडरच्या लायनरच्या खालच्या रबरी कड्यांवर संशय घ्यावा. पहिल्यांदा सुरू करताना इंजिन हवा ओढते त्या तोंडावर दाबता येईल अशी जाड फळी हाताशी असावी. 1938 मध्ये आलेल्या डेट्रॉइट डिझेलच्या 71 मालिकेतील टू-स्ट्रोक इंजिनांच्या बाबतीत तर ही अटच समजावी. इंधनाचा रॅक (किती इंधन जाईल हे ठरवणारा दांडा) अडकलेला असेल तर ही इंजिने सुरू होताच बेभान फिरू लागतात आणि हवा बंद केल्याशिवाय थांबत नाहीत. त्यांचा आवाज ऐकण्यासाठी लोक मैलोन्‌मैल येतात, हे वेगळे.

रंगाचे अजून ठरलेले नाही. केबिनच्या छपराला नवा पिवळा लागेल, कारण तिथला पत्रा बदलावा लागला. दरवाजे मात्र मी जवसाच्या तेलाचा हात देऊन आहेत तसेच ठेवण्याच्या विचारात आहे, पेपर फिरवलेल्या त्या कड्यांसकट. काढलेले रिव्हेट, ब्रेकचे जुने डबे आणि क्रेनची मोडकी पुली, प्रत्येकाला कुठून काढले याची चिठ्ठी बांधून, मागच्या रॅकवर ठेवली आहेत. ट्रक पुढे ज्याच्याकडे जाईल, त्याला ती ट्रकबरोबरच मिळतील.