पाय कधी काढायचा

रविवार. रात्रभर पाऊस पडून गेला होता. सहालाच लेकीला उठवलं आणि बावधनला मित्राच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. डिसेंबरात ती कॅनडात कॅलगरीला चालली आहे, तिथे बर्फावर गाडी चालवायची, त्याचा हा सराव. पुण्यात बर्फ कुठून आणणार, पण ओल्या मुरमावरही चाक घसरतं, तेवढं पुरे.

तीसच्या स्पीडला म्हटलं, "ब्रेक पूर्ण दाब." पेडल पायाखाली थरथरलं, खडखड झाली आणि तिने झटकन पाय उचलला. "बाबा, काहीतरी तुटलं!"

तुटलं काहीच नव्हतं, एबीएस चालू झालं होतं. चार वर्षं ती कोथरूड-हिंजवडी गाडी चालवते, पण इतका जोरात ब्रेक एकदाही लागला नव्हता. चाक लॉक होऊ नये म्हणून एबीएस ब्रेक भराभर सोडतं-धरतं. चाक फिरत राहिलं तरच स्टिअरिंग ऐकतं. म्हणून थरथर झाली तरी पाय दाबूनच ठेवायचा. मग वाटेत एक रिकामं खोकं ठेवलं. ब्रेक दाबलेला ठेवून ते चुकवायचं. सातव्या खेपेला जमलं. भुसभुशीत बर्फावर एबीएस असूनही गाडी जास्त लांब जाऊन थांबते, हेही सांगितलं. पुढच्या गाडीपासून तिथे आठ-दहा सेकंदांचं अंतर हवं. पुण्यात एवढ्या जागेत चार रिक्षा घुसतील.

पाय काढायची वेळ वेगळी. अमेरिकेत मिनियापोलिसला असताना एका सकाळी रस्ता कोरडा होता, पूल मात्र काचेसारखा. पुलाला खालूनही थंड हवा लागते, त्यामुळे तो रस्त्याच्या आधी गोठतो. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. गाडीची मागची बाजू उजवीकडे सरकली, मी घाबरून ब्रेक दाबला आणि गाडी फिरून कठड्यावर गेली. मागून कुणी येत नव्हतं, म्हणून वाचलो. मागची बाजू सरकली तर दोन्ही पेडल सोडायची आणि जिकडे ती सरकते तिकडेच स्टिअरिंग हलकेच वळवायचं. हे आज तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

येताना मुद्दाम कात्रजच्या बोगद्याकडून नवले पुलाच्या उतारावर आणलं. तिसरा गिअर, म्हणजे वेग इंजिनच आवरतं, ब्रेक जवळजवळ नाहीच. शेजारून ट्रक गेले तेव्हा तिचे हात घट्ट झाले, पण गाडी शांत उतरली.

विंटर टायरचे पैसे मी देणार आहे. सात अंशांखाली साधं रबर कडक होतं, तिथे काटकसर नको.

पुढच्या रविवारी पुन्हा जायचं. पाऊस नसला तर टँकर सांगून ठेवतो.