शराटीचा लाल रंग काही केल्या येईना

त्रिनिदादला येऊन सहा वर्षं झाली, पण बाजारात माझी ओळख अजून 'इंडियन' एवढीच. इथं त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ३० मे १८४५ला 'फतेल रझाक' जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, उतरले, त्यांचा वंशविस्तार म्हणजे इंडियन. ते आले बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून, आणि मी सांगलीची! नवरा 'डग्ला', म्हणजे भारतीय-आफ्रिकी मिश्र वंशाचा : वडील भारतीय वंशाचे, आई आफ्रिकी वंशाची. वडिलांच्या आईला तो 'आजी' म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, माझ्यासाठी मराठी शिकला. पण हा शब्द इथं भोजपुरीतून कधीचाच पोचलाय.

तर फॅशन डिझाइनच्या कोर्सचा शेवटचा प्रकल्प होता : पाच पोशाख, विषय 'इथली माणसं, इथला निसर्ग'. मी क्वीन स्ट्रीटवरून मद्रास चौकड्याचं कापड आणलं. तिथल्या कापडधंद्यात सीरियन-लेबनीज घराणी जुनी आहेत, म्हणजे दक्षिण भारताच्या नावाचं कापड कॅरिबियन बेटावर अरबी आडनावाच्या माणसाकडून घेणं आलंच. त्या चौकड्यांवर आजींची ओढणी जोडली, मोको जंबी या काठ्यांवर चालणाऱ्या सोंगांच्या लांबलचक विजारी घेतल्या, वर राष्ट्रीय फूल चाकोनिया कापून शिवलं. बाई म्हणाल्या, "हे विमानतळावरच्या दुकानासारखं झालंय." दोन दिवस त्यांच्यावर चिडून होते. तिसऱ्या दिवशी स्वतःच सगळं उसवायला बसले.

नवऱ्याच्या आजींनीच सुचवलं, कॅरोनीच्या दलदलीत जाऊन ये. दुपारी चारच्या सुमारास खारफुटीतून नाव निघते. संध्याकाळी लाल शराटी पक्षी थव्यांनी बेटांवरच्या झाडांवर उतरायला लागतात, आणि झाडाला एकदम पलिते लागल्यासारखं दिसतं. नावाडी सांगत होता, पिल्लं करडी-तपकिरी असतात, खेकडे-कोळंबी खाऊन खाऊन लाल होतात. इथल्या चिखलातलं खाल्लं की इथला रंग चढतो! ते वाक्य डोक्यात बसलं. एक पीस पाण्यावर तरंगत होतं. मी हात घातला तशी त्यानं मानेनंच 'नको' म्हटलं. २०१८पासून या पक्ष्याला खास संरक्षण आहे, दंड एक लाख त्रिनिदाद डॉलरपर्यंत जातो.

ठरवलं की पाचही पोशाख करड्यापासून लालपर्यंत चढत जातील आणि रंग इथल्याच झाडांचा असेल.

करडा पटकन जमला. किनाऱ्यावरच्या देशी बदामाची गळलेली पानं उकळायची, त्यात कापड बुडवायचं, मग गंजके खिळे व्हिनेगरमध्ये मुरवून केलेलं पाणी टाकायचं. पानांतलं टॅनिन लोखंडाला भेटलं की करडं होतं. (ते झाडही आशियातूनच आलेलं. माझ्यासारखंच.)

खरी परीक्षा लालची. रुकू, म्हणजे आपली शेंदरी! कोकणात मामाच्या परसात होती, तिच्या बिया चोळून आम्ही गाल रंगवायचो. ते झाड मूळचं इकडचं, अमेरिका खंडातलं, इथले आदिवासी अंगाला लावायचे, हे मला इथं आल्यावर कळलं. बिया धुण्याच्या सोड्यात उकळल्या, कापड बुडवलं आणि बाहेर आले ढगांसारखे डाग. खळ काढायचीच राहिली होती! कोरं कापड आधी साबण-सोड्यात तासभर उकळायचं, हे पहिल्या वर्षी शिकवलेलं. शेवटी आठ मीटर फुकट गेलं. दुसऱ्या वेळी रंग सारखा बसला, शेवटी व्हिनेगरच्या पाण्यातून काढला, पण आला केशरी. तिसऱ्यांदा दुप्पट बिया टाकल्या तर गडद केशरी. शराटीचा लाल काही येईना. नवरा म्हणाला, "दुकानातून रासायनिक रंग आण, कोणाला कळतंय?" आजींना कळलं असतं. त्या मटणाच्या रश्श्यात रुकू घालतात.

मग गडद केशरीच ठेवला. मद्रास फक्त अस्तरात गेलं, चालताना चुणीतून दिसेल एवढंच. कट मोको जंबीच्या विजारीचा. पाचव्या पोशाखाला मात्र काष्टा घातला, सांगलीच्या आजीच्या नऊवारीसारखा. बाईंनी विचारलं, हा कुठला? मी म्हटलं, माझा.

सादरीकरणाच्या आधी तो पोशाख तीन दिवस खिडकीत टांगला होता. शेंदरीचा रंग उन्हात टिकत नाही, हे वाचलं होतं. एवढ्या लवकर उडेल असं वाटलं नव्हतं. डावी बाजू फिकट पिवळी पडली. रात्री पुन्हा सोडा, बिया, व्हिनेगर. पातेलं आजींचं, चुलीपाशी त्याही जाग्या. पहाटे तीनला त्यांनी कापड नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "मीठ राहिलं."