कुलूप ओढून बघणं

गुरुवारी दुपारी पावणेचारला लॅपटॉप आपला आपणच बंद पडला. म्हणजे अगदी न सांगता नाही, कोपऱ्यात एक चौकोन येत होता, तो मी माशी हाकलावी तसा हाकलत होतो, पाच-सहा दिवस हाकलतच होतो, आणि मग एकदम निळा पडदा आणि गोल गोल फिरणारी टिंबं. ऑफिसच्या आयटीवाल्यांचे सोमवारपासून तीन मेल येऊन पडलेले, ते मी उघडले नव्हते, कोण उघडतं. साडेचारला मीटिंग, आणि तिच्यात दाखवायची एक्सेल त्या निळ्या पडद्याच्या पलीकडे. सव्वीस टक्के.

"काय झालं रे?" आई सोफ्यावरून.

"अपडेट."

"कसलं?"

"सिक्युरिटीचं."

"परवाच केलंस ना?"

"ते मोबाइलचं."

"रोज रोज कसलं मेलं ते," असं म्हणून ती चहा टाकायला उठली. आतून आलं ठेचल्याचा ठक ठक आवाज यायला लागला. सव्वीस टक्केच.

माझा राग अपडेटवर नाहीये खरं तर. राग आहे तो काय केलं ते सांगत नाहीत याचा. आमच्या सोसायटीत जो प्लंबर येतो तो नळ दुरुस्त करून झाला की झिजलेला वॉशर तळहातावर ठेवून दाखवतो, "साहेब, हा बघा, पार गेला होता," आणि आपण काही कळत नसताना मान डोलावतो, आणि पैसे देताना जीव जरा कमी तुटतो. इथे चाळीस मिनिटं मशीन अडकवून ठेवायचं आणि वर माहिती काय, तर मिसलेनियस सिक्युरिटी इम्प्रूव्हमेंट्स. मिसलेनियस म्हणजे किरकोळ ना? किरकोळ कामाला चाळीस मिनिटं! मुलुंडला राहणाऱ्या माणसाला खोळंब्याचं काही विशेष वाटत नाही हो, पण रेल्वेसुद्धा शनिवारी सांगते की उद्या माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक, मग आपण रविवारी घरात बसून कांदाभजी करतो. (आयटीवाल्यांनीही सोमवारीच सांगितलं होतं, माहितीये, पण तो मुद्दा वेगळा.)

आणि ते 'रिमाइंड मी टुमॉरो'चं बटण. माझं फार आवडतं. इलेक्ट्रिशियन "उद्या येतो" म्हणतो तेव्हा त्याला आणि आपल्याला दोघांनाही माहीत असतं की तो येणार नाहीये, तसलंच ते प्रेमळ खोटं. फरक एवढाच की हा खरंच उद्या येतो.

ह्या सगळ्याला एक ठरलेला वार आहे. मायक्रोसॉफ्टने २००३ च्या ऑक्टोबरपासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सगळे पॅचेस, म्हणजे सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवणारी ठिगळं, एकत्र द्यायला सुरुवात केली, त्याला पॅच ट्यूसडे म्हणतात, पुढे अडोबीनेही तोच मंगळवार धरला. त्याआधी जमेल तेव्हा सोडायचे, मग जगभरचे आयटीवाले वैतागायचे की कधी काय येईल पत्ता नाही. आता वेळसुद्धा ठरलेली, तिकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री साडेदहा, नाहीतर थंडीत साडेअकरा. पण खरी गंमत पुढे आहे. मंगळवारच्या दुसऱ्या दिवसाला एक्सप्लॉइट वेन्सडे, म्हणजे भोकाचा फायदा उठवायचा बुधवार, असं नाव पडलंय. कारण भोक बुजवलं की बुजवलेली जागा दिसते. चोर तो पॅच उलगडून बघतात, जुनं काय होतं, नवं काय केलं, आणि ज्यांनी अजून बुजवलं नाही त्यांच्याकडे निघतात.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थेट गिरगावातलं आमचं कुलूप दिसलं.

चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची दीड खोली. दार दिवसभर सताड उघडं, रात्री नुसती कडी. कुलूप लागायचं ते वर्षातून एकदा, मे महिन्यात गावाला जाताना. अलीगढचं पितळी, तळहातात मावणार नाही एवढं थोरलं. बाबा ते लावायचे आणि मग दोन्ही हातांनी धरून ओढायचे. एकदा, दोनदा, तीनदा. ओढायचे म्हणजे जवळजवळ लोंबकळायचेच. मग आम्ही होल्डॉल, ट्रंक, फिरकीचा तांब्या घेऊन जिना उतरायला लागायचो आणि दुसऱ्या मजल्यावर पोचलो की बाबा हातातली ट्रंक खाली ठेवून परत वर जायचे. वरून पुन्हा तोच आवाज, खडाक, खडाक, खडाक. आई कठड्याला टेकून उभी, चेहऱ्यावर काही नाही. आणि एवढं सगळं करून किल्ली कुठे, तर शेजारच्या काकूंकडे, तुळशीला पाणी घालायला.

मी दुसरीत होतो त्या वर्षी दुसऱ्या ओढीलाच कुलूप उघडलं. खट् झालं आणि वरची दांडी सुटून बाबांच्या हातात सगळं कुलूप. आम्हाला निरोप द्यायला अर्धा मजला गॅलरीत उभा होता. कोणीतरी म्हणालं, "अहो, हे तर नुसतं ओढलं तरी उघडतंय!" आणि ते इतक्या मोठ्यांदा म्हणालं की खालच्या चौकात पेपरच्या रद्दीवाल्यानेही वर बघितलं. आता ते कुलूप त्याच क्षणी बिघडलं असं थोडंच आहे, आतलं काहीतरी कधीचं झिजलेलं असणार, कदाचित दोन-तीन मे महिने आम्ही ते असंच लावून कोकणात आंबे खात बसलो होतो आणि घराला काही झालं नव्हतं. पण आई लगेच म्हणाली, "आता बोभाटा झाला. आता हे नाही चालायचं." मजल्यावरचं कोणी चोरी करणार नव्हतंच, पण बोभाटा जिना उतरतोच ना.

बाबा धोतराचा सोगा धरून ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत पळाले. दुकानदार फळ्या लावत होता. नवीन कुलूप आलं, लागलं, तीनदा ओढलं गेलं, ह्यावेळी तर मजल्यावरच्या दोघा काकांनीही एकेकदा ओढून बघितलं. मुंबई सेंट्रलला आम्ही धापा टाकत पोचलो, एसटी अर्थातच लागलेली नव्हती. आणि मला पक्कं आठवतंय, महाडपर्यंत बाबा खिडकीत बसून एकटेच मधूनमधून हसत होते. इतकी वर्षं ओढत होते, एकदा तरी उघडलं.

अडतीस टक्के.

२०१७ साली मात्र ह्या बोभाट्याचा खरा प्रकार झाला. भोक बुजवणारा पॅच १४ मार्चला आलेला, आणि १२ मेला वॉनाक्राय नावाचा, फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस सुटला. दोन महिने मध्ये. ते दोन महिने ज्यांनी ज्यांनी 'उद्या' दाबलं ते गेले, ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांची ऑपरेशनं रद्द झाली. तरी धडा घेतला म्हणाल तर जूनअखेरीस नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला तो पुन्हा तेच भोक वापरत, आणि ह्यावेळी पार उरणला पोचला, जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प. माझा मेव्हणा तिकडेच क्लिअरिंगमध्ये, तो सांगायचा की आपला कंटेनर कुठे आहे हे त्या दिवसांत कंटेनरलाच विचारायचं बाकी होतं.

आता हे ऐकून मी सुधारायला हवं होतं. पण त्याच नॉटपेट्याची दुसरी गोष्ट अशी की तो मुळात पसरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! म्हणजे ज्यांनी शहाण्यासारखं वेळेवर अपडेट केलं त्यांच्याकडे तो पहिला गेला. आणि मग १९ जुलै २०२४ चा तो शुक्रवार, क्राउडस्ट्राइक ह्या कॉम्प्युटर-सुरक्षेच्या कंपनीचं एक चुकीचं अपडेट, जगात सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास. माझ्या मित्राने तो पास जपून ठेवलाय, बॉलपेनने लिहिलेलं नाव, तेही चुकलेलं. मी त्या पासाचा फोटो वर्षभर आयटीवाल्यांना पुरावा म्हणून दाखवत होतो.

मग करावं की करू नये? करावं, कळतं मला. बाबांनाही कळत असणारच की कुलूप लागलेलं आहे. कळणं आणि करणं ह्यात काहीतरी तिसरं असतं त्याबद्दल मी इथे छान काहीतरी लिहिणार होतो, चहा पिताना सुचलं होतं, पण तेवढ्यात स्क्रीन काळी झाली, पुन्हा निळी झाली, आणि शंभर टक्क्यांनंतर परत शून्यापासून मोजायला लागली, ते गेलं ते गेलंच.

मीटिंग मोबाइलवर केली. एक्सेल तोंडी वाचून दाखवली. कोणाला काही फरक पडला नाही. लॅपटॉप पाच वाजता उठला, नवीन काय तर हवामानाचं चित्र डावीकडचं उजवीकडे गेलंय. एक्सेल जशीच्या तशी होती.

आणि हो, ते जुनं कुलूप. ते फेकलं नाही कोणी, पितळ आहे म्हणून. गिरगावातून मुलुंडला आलं, आणि गेली कित्येक वर्षं आई त्यानेच आलं ठेचते. धरायला बरं पडतं म्हणते, दांडीत बोट अडकतं. दिवाळीला मी तिला चांगला दगडी खलबत्ता आणून दिला, तो ओट्यावर आहे, त्यात ती सुट्टे पैसे ठेवते. विचारलं तर म्हणाली, "आहे ना, बघू नंतर."