तिला आठवत नाही

"हे मी करायचे?" असं लेकीनं तिचा जुना व्हिडिओ बघताना विचारलं आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

विचारताना आवाजात कुतूहल होतं, ओळख मात्र नव्हती. व्हिडिओत ती अडीच वर्षांची. माझ्या पावलांवर पावलं ठेवून, माझी बोटं मुठीत धरून घरभर चालतेय. मी पाय उचलला की तिचाही उचलला जातो आणि ती खिदळते. तेव्हा रोज संध्याकाळी हेच चालायचं. मी दारातून आत आलो की मोजे काढायच्या आत ती पायांवर चढलेली असायची, आणि मोज्यांवरून घसरायला लागली की "काढ, काढ" असा हुकूम सुटायचा. हे सगळं आज तिनं शांतपणे पाहिलं, पाहुण्यांच्या मुलीचं कौतुक करावं तसं "गोड आहे" म्हणाली आणि खडू शोधायला निघून गेली.

ही म्हणाली, "सात वर्षांची होईल आता. कसं आठवेल?" बरोबरच आहे. मला तरी माझं त्या वयातलं कुठं काय आठवतं? पण तिला आठवत असणार असं मी धरूनच चाललो होतो.

रात्री वाचत बसलो. मोठ्यांना साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काही आठवत नाही, हे ऐकून होतो. इतक्या लहान मुलांच्या डोक्यात काही टिकतच नसेल, असा माझा समज. तसं नाही. चार वर्षांची होती तेव्हा हा खेळ तिच्या पुरता लक्षात होता, मावशीला तिनंच करून दाखवला होता. म्हणजे आधी आठवतं आणि मग पुसलं जातं. तीन वर्षांच्या मुलांनी आईशी मारलेल्या गप्पा नोंदवून ठेवून त्याच मुलांना पुढे त्या प्रसंगांबद्दल विचारलं, असा एक अभ्यास आहे. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातले ६० टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते, आठ-नऊ वर्षांच्यांना ४० टक्क्यांहूनही कमी. म्हणजे अजून बरंच जायचं आहे.

२०१४ साली टोरांटोतल्या संशोधकांनी उंदरांवर केलेलं कामही वाचलं. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात आठवणी घडतात. लहानपणी तिथं नव्या पेशी भराभर तयार होतात, जुन्या जोडण्यांमध्ये शिरतात आणि आधीचं सापडेनासं होतं. नव्या पेशींचं हे येणं मंदावलं तेव्हा पिल्लं कमी विसरली. म्हणजे ती विसरतेय ती वाढतेय म्हणून. हे वाचून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. माझ्याकडे एवढं सगळं साठलेलं आणि तिच्याकडे त्यातलं काहीच नाही. आमच्या दोघांच्या खेळाला आता मी एकटाच साक्षीदार.

अण्णांकडे माझं असं काय काय होतं कोण जाणे. जाऊ दे.

परवा तिचा पहिला दात पडला. खालचा, पुढचा. कितीतरी दिवस जिभेनं हलवत होती, शेवटी तोंड पुसताना टॉवेलमध्येच आला. रक्ताचा ठिपका तेवढा. रडली नाही. तळहातावर घेऊन पाहिला, तर वरून पांढरा, धारदार आणि खालून पोकळ, कडा कुरतडल्यासारख्या. मूळ नव्हतंच. दुधाच्या दातांना मुळं चांगली असतात, पण पक्का दात खालून वर येऊ लागला की शरीरच ती विरघळवत जातं. हाच दात येत होता तेव्हा हिनं आणि मी आळीपाळीनं रात्री जागून काढल्या होत्या. त्यातली एकही रात्र तिला आठवत नाही, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. ती कळ तिच्या लक्षात नाही हे बरंच आहे.

मग पायांवर चालण्याचंच एवढं काय लागलं?

त्या खेळात मी तिला हवा होतो. मोजे काढायचीही उसंत मिळू नये इतका. ती ते विसरली, तर ते हवं असणंही नाहीसं झालं, असं कुठंतरी वाटून गेलं. आता लिहिताना कळतंय की दुखलं ते हे.

पण चालायला कशी शिकली हेही तिला आठवत नाही, आणि चालते तर आहेच. रात्री जाग आली की अंधारात हाक मारते आणि पुन्हा हाक मारत नाही, नुसती थांबते. ओ येणार हे तिनं धरलेलंच असतं. ही खात्री कुठून आली ते तिला कधीच सांगता येणार नाही. मला येईल. तेवढं मला चालण्यासारखं आहे.

आणखी एक वाचलं. ज्या घरांत झालेल्या गोष्टी तपशिलानं, पुन्हा पुन्हा बोलल्या जातात, तिथल्या मुलांच्या आठवणी अधिक मागे पोचतात. न्यूझीलंडमधल्या माओरी माणसांना विचारलं तर त्यांची पहिली आठवण सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपासची निघाली. मी तर तिच्याशी नेहमी उद्याचंच बोलतो. दप्तर, वही, आंघोळ.

आज झोपताना तिनंच विचारलं, "बाबा, मी अजून काय काय करायचे?" छत्रीचं सांगितलं. घरात छत्री उघडून तिच्याखाली बसायची आणि आम्हाला एकेकाला आत बोलवायची. छत्री लाल होती म्हटल्यावर आतल्या खोलीतून हिचा आवाज आला, "निळी होती." लालच होती. फोटो नाही. लेक उठून बसली आणि म्हणाली, "थांब, आईला पण इकडे बोलव, मला दोघांचं ऐकायचंय."