आमची वाटचाल : अंबडचा गाळा आणि पीएफचा कोड

2006 ला नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात एक जुना लेथ अन एक पॉवर प्रेस टाकून सुरुवात केली. गाड्यांच्या पार्टचं जॉबवर्क, ब्रॅकेट, वॉशर, मिळेल ते. त्या दिवसांचं लिहीत बसत नाही, सगळ्यांचं सारखंच असतं, पेमेंट नव्वद दिवसांनी अन पगार सात तारखेला. सांगायचंय ते पीएफचं, कारण माझ्या मते आमची कंपनी खरी वाढली ती त्यानंतर.

आमच्या एरियात 19 हा लई लाडका आकडा. 1952 चा पीएफ कायदा 20 माणसांना लागतो ना, म्हणून काम कितीही येऊ दे, हजेरीत 19 च, बाकीचे ठेकेदाराचे. आता कायद्यात ठेकेदाराची माणसं पण मोजतातच, आणि एकदा पीएफचा कोड, म्हणजे पीएफ ऑफिसातला कंपनीचा नोंदणी नंबर, लागला की पुढे माणसं 20 च्या खाली आली तरी सुटका नाही, त्यामुळे लोक त्या आकड्याला जाम घाबरतात. ऑर्डर हातात आहे, मशीनला जागा आहे, फक्त माणूस घ्यायचा नाही, याला काय अर्थ? 2015 ला दोन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, आल्या, तेव्हा आम्ही कोड घेऊन टाकला.

पहिली भांडणं झाली ती माणसांशीच. हेल्परचा बेसिक 9000, 12 टक्क्याने 1080 कापले. "भाऊ, नको ते पीएफ-बिएफ, हातात द्या सगळे." पेठ-सुरगाण्याची पोरं, द्राक्षाचा सीझन लागला की दिंडोरीकडे पळणारी, त्यांना 58 व्या वर्षीच्या पेन्शनचं काय सांगायचं! बरं मालक म्हणून माझेही 1080 जायचे, पण त्यातले 750 पेन्शनला, पीएफच्या रकान्यात माझे 330 च दिसायचे, मग "भाऊ तुम्ही कमी भरता" हे वर.

आणि केवायसी, म्हणजे पीएफच्या खात्याला आधारची ओळख जोडणं. आमच्या अर्ध्या शॉपची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर 1 जून, आधारवर 1 जानेवारी. ते जुळल्याशिवाय पैसे काढायचा क्लेम पुढे सरकत नाही, दुरुस्तीचे फॉर्म भरण्यातच आमच्या अकाउंटवाल्या ताईंचे दिवस गेले.

मालकाला सगळं धरून आज 13 टक्के पडतात, त्यात विमा आणि अ‍ॅडमिन चार्ज आला. पण टक्क्यांपेक्षा तारीख जड जाते. पुढच्या महिन्याच्या 15 ला चलन भरायचं म्हणजे भरायचं, कस्टमरचं पेमेंट येवो न येवो. उशीर झाला की 12 टक्के व्याज, वर दंड वेगळा, आणि कामगाराच्या पगारातून कापलेले उशिरा भरले तर इन्कम टॅक्समध्ये तो खर्च कायमचा उडायचा. कन्सल्टंट लोक बेसिक कमी दाखवून बाकी भत्त्यात टाका म्हणायचे, 2019 ला सुप्रीम कोर्टाने सरसकट सगळ्यांना मिळणारे भत्तेही पीएफला धरायचे असं सांगितलं अन ते दुकान बरंचसं बंद झालं.

मिळालं काय? ऑपरेटर टिकले. मोठ्या कंपन्यांचे ऑडिटवाले पहिलं पीएफचं चलन मागतात, ते तयार असल्यामुळे जे काम पूर्वी दारात येत नव्हतं ते आलं. कोड घेतल्यापासूनचे आमचे एक काका 2025 ला रिटायर झाले. दहा वर्षं भरली म्हणून पेन्शनला बसले, पण हिशोब काय तर पगार 15000 गुणिले 10 वर्षं भागिले ठरलेला 70 चा आकडा, महिना 2143 रुपये. त्यांच्या गोळ्यांनाच तेवढे लागतात. पीएफची रक्कम बरी आली, त्यात घराचा स्लॅब झाला. पीएफ-पेन्शनला धरायच्या पगाराची 15000 ची मर्यादा 2014 पासून तीच आहे, ती वाढली तर माझा बोजा वाढेल हे कळतं मला, तरी वाढवायला पाहिजे.

आता सिन्नरला दुसरं युनिट चालू करतोय. मित्र म्हणतात वहिनींच्या नावाने वेगळं काढ, 20 च्या आत राहशील. अरे पण कायद्यात शाखा अन युनिट एकच आस्थापना धरतात, आणि तसंही एवढं रामायण करून परत 19 मोजत कोण बसणार, तिकडच्या माणसांचे यूएएन, म्हणजे कामगाराचे पीएफ नंबर, याच कोडला जोडायला घेतलेत.