वसुली एजन्सी निवडताना

आज भोसरीत दोन वसुली एजन्सीवाल्यांना भेटले. एका गिऱ्हाइकाकडे 14 महिने माझे सव्वाचार लाख अडकलेत, फोनही उचलत नाही.

पहिला म्हणाला, "मॅडम, पोरं पाठवतो, आठ दिवसांत पैसे टेबलावर." वर 20 हजार रोख आगाऊ! चहा अर्धा टाकून उठले. उद्या त्या पोरांनी कुणाला धमकावलं तर नाव माझ्याच वर्कशॉपचं खराब होणार.

दुसरीकडच्या ताईंनी आधी कागद मागितले. पीओ (खरेदीची ऑर्डर), बिलं, डिलिव्हरी चलनं एकेक उलटून पाहिली. एका चलनावर सही-शिक्का नव्हता, तिथे पेन्सिलने गोल केला. लेखी करार, वसूल झालं तरच कमिशन आणि पैसे थेट माझ्या खात्यात. मग म्हणाल्या, "माल दिला तेव्हा उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, होती ना? छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमई कायद्यात पैसे द्यायला 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आधी तशी नोटीस पाठवा, नाहीतर अशा थकबाकीचे दावे ऐकणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करा."

स्वतःचं कमिशन बुडेल असा सल्ला दिला त्यांनी. मला तिथेच खात्री पटली.

नोटीस उद्याच जातेय. त्या चलनावर सही घ्यायला ड्रायव्हरदादा सकाळी चाकणला निघतील.