यादीतलं पहिलं नाव

ड्यूटी चार्ट व्हॉट्सॲपवर आला तेव्हा मी गौरींचे मुखवटे कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवत होते. २०२०, कोरोनाचं साल. लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी त्या वर्षी गौरी-गणपती एकाही पाहुण्याविना झाले. हात पुसून चार्ट उघडला आणि आधी स्वतःचं नाव शोधलं. सातवं. मग वर पाहिलं. पहिलं नाव मॅडमचं होतं, आमच्या परीक्षा विभागाच्या उपकुलसचिवांचं. समोर लिहिलं होतं: उत्तरपत्रिका संकलन, खिडकी क्रमांक एक.

मी इंदूरमधल्या एका विद्यापीठात बावीस वर्षं परीक्षेचं काम करते. इतक्या वर्षांत कुठल्याही अधिकाऱ्याचं नाव मी खिडकीच्या ड्यूटीवर पाहिलं नव्हतं. घरात शहात्तर वर्षांच्या सासूबाई होत्या, त्यामुळे जायचं की रजा टाकायची हे माझं ठरत नव्हतं. ते नाव वाचल्यावर ठरलं.

पण सुरुवात मार्चपासून सांगायला हवी. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, त्या संध्याकाळी राजवाड्यावर लोक थाळ्या वाजवत जमले, आणि आठवडा संपायच्या आत इंदूरचं नाव देशभरच्या बातम्यांत रोज येऊ लागलं. पोह्याच्या गाड्या बंद, सराफा बंद, किराणा नगर निगमच्या माणसांकडून घरपोच. ऑफिसला कुलूप होतं, पण आमचे फोन बंद नव्हते. झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडची मुलं विचारत, "मॅडम, परीक्षा होगी कि नहीं?" काय सांगणार? एका वरिष्ठांचा फोन त्या दिवसांत तीन आठवडे बंद होता. ते आजारी नव्हते हे आम्हाला नंतर कळलं. मला त्याचा आजही राग येतो.

मॅडमनी मात्र एक नियम पाळला. रोज संध्याकाळी पाच वाजता ग्रुपवर त्यांचा संदेश यायचा: आज काय कळलं, काय अजून कळलेलं नाही, पुन्हा कधी सांगेन. कित्येक दिवस त्यात एवढंच असायचं, "आज कोई नया आदेश नहीं। कल पाँच बजे।" तरी आम्ही सगळे पाचची वाट बघायचो. मुलांनाही तेच वाक्य सांगता यायचं, आणि खोटं बोलल्यासारखं वाटायचं नाही.

परीक्षांबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाची पहिली सूचना एप्रिलच्या शेवटी आली. मग ६ जुलैला दुसरी: अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घ्याच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अंतिम परीक्षेशिवाय मुलांना पास करता येणार नाही, राज्याला फार तर तारीख वाढवून मागता येईल, असा निकाल २८ ऑगस्टला लागला. आमच्या राज्यात ओपन बुक पद्धत ठरली. पेपर वेबसाइटवर, उत्तरं घरी बसून हातानं लिहायची आणि जवळच्या केंद्रावर नेऊन द्यायची.

ज्यानं परीक्षा विभागात काम केलं नाही त्याला यातली उलथापालथ कळणार नाही. आमचं सगळं शिक्षण गोपनीयतेचं. सीलबंद पाकिटं, कपाटाच्या दोन किल्ल्या दोघांकडे, भरारी पथकं. इथे पुस्तकच उघडं! आमचे बडे बाबू दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. उत्तरपत्रिकाही छापील नव्हत्या. कुणी फुलस्केप दोऱ्यानं शिवून आणले, कुणी वहीची पानं स्टेपल करून. पहिल्या पानावर रोल नंबर, नामांकन क्रमांक आणि पेपर कोड मुलांनी स्वतः लिहायचा होता, आणि चुका सगळ्या तिथेच होत्या.

पहिल्याच सकाळी एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. दारात सॅनिटायझर लावून मुलं ओल्या हातानं उत्तरपत्रिका पुढे करायची आणि जेल पेनानं लिहिलेला रोल नंबर फिसकटायचा. खिडकीवर स्वतः मॅडम होत्या म्हणून हे दहाव्या मुलालाच पकडलं गेलं. लगेच बाहेर एक टेबल लागलं: आधी हात वाळवा, नंबर बॉलपेननं पुन्हा लिहा, मग उत्तरपत्रिका ट्रेमध्ये ठेवा. मॅडम वरच्या खोलीत बसल्या असत्या तर हे आम्हाला बंडलं सोडताना कळलं असतं, आणि तेव्हा त्या मुलांना कुठे शोधणार होतो?

तिसऱ्या दिवशी जोबटकडचा एक मुलगा मोटरसायकलवर आला. जवळ पाच जणांच्या उत्तरपत्रिका. त्यांचं केंद्र कंटेनमेंटमध्ये, म्हणजे साथीमुळे बंद केलेल्या भागात गेलं होतं. आम्हाला मिळालेल्या सूचनेत दुसऱ्यानं आणून दिलेल्याचा उल्लेखच नव्हता. बाबू म्हणाले, परत पाठवा. मॅडमनी प्रत्येक मुलाशी फोनवर बोलून नामांकन क्रमांक ताडून घेतले, रजिस्टरमध्ये अर्धं पान टिपण लिहिलं आणि खाली सही केली: "निर्णय मेरा है, जवाबदारी भी।" मग त्या मुलाला पाणी दिलं. तो खूप वेळ पायरीवर बसून होता.

आता त्यांची चूकही लिहिते, कारण ती लपवली तर बाकीचं खरं वाटणार नाही. पहिल्या चार्टमध्ये तीस नावं होती, पण बंडलं उचलणाऱ्या चार दैनिक वेतनभोगींची नावं कुठेच नव्हती. आलेल्या उत्तरपत्रिका तीन दिवस हॉलमध्ये तशाच ठेवून मग सोडायच्या होत्या. पण ज्या दिवशी आल्या त्याच दिवशी त्या हॉलपर्यंत हेच चौघे नेत होते. ग्लोव्हज आणि फेसशील्ड चार्टमधली नावं मोजून मागवलेले. त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधून ओझी उचलत होते. मी ते पाहिलं आणि मॅडमना सांगितलं. सांगताना आवाज चढला होता माझा. त्या गप्प झाल्या. पाच वाजता ग्रुपवर आलं, "मुझसे बड़ी भूल हुई। कल से नया चार्ट।" दुसऱ्या दिवशी सामान आलं, आणि चार्टमध्ये एकतीस ते चौतीस नंबरची नावं होती, ड्यूटीच्या वेळेसकट.

एका सहकाऱ्याच्या बायकोचं डायलिसिस चालू होतं. त्याला खिडकीवरून काढून घरून फोन घ्यायचं काम दिलं, तेव्हा कुजबुज झाली की हा सुटला. तो रात्री अकरापर्यंत मुलांचे फोन घेत होता हे मला माहीत आहे, कारण चुकलेल्या कोडांची यादी तो मलाच पाठवायचा.

दोन वर्षांनी व्यवस्थापनाची एक संशोधक मुलगी प्रश्नावली घेऊन आली. मेयर आणि ॲलन या अभ्यासकांनी १९९१मध्ये मांडलेली तीन प्रकारची कार्यनिष्ठा तिनं समजावून सांगितली: जीव जडलाय म्हणून टिकणं, सोडणं परवडत नाही म्हणून टिकणं, कर्तव्य वाटतं म्हणून टिकणं. मला ती मांडणी पटली. पण दादांचा फॉर्म भरायला मी बसले तेव्हा अडले. त्यांना नोकरी सोडणं परवडत नव्हतं हे खरंच. पण पावसात हॉल गळायला लागला त्या रात्री ते घरी गेले नाहीत, बंडलांवर ताडपत्री टाकून तिथेच झोपले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी तिन्ही रकान्यांत खूण केली.

निकाल लागल्यावर दादा माझ्या टेबलाशी आले आणि नव्या चार्टची फोटोकॉपी मागितली. कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, "बाई, अठरा साल में पहली बार दफ्तर के कागज पे नाम आया है।" मी कॉपी काढून दिली. त्यांनी ती चार घड्या घालून रेशन कार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवली.